अकरा नंबरचं डोकं

१

कपाटात चोवीस गठ्ठे असायला हवे होते आणि चोवीसच होते. तरीही त्यातला एक चोरीला गेला आहे, हे डॉ. लता पगारे हिच्या लक्षात आलं ते १९८३च्या मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला, हातात फूटपट्टी असताना.

गंगापूर रोडवरच्या मेंदू संशोधन केंद्रात लता जवळजवळ दोन वर्षांपासून काम करत होती. पीएच.डी. पुण्याला झाली आणि त्यानंतरची दोन वर्षांची फेलोशिप इथे मिळाली. ती ३१ मार्चला संपत होती. सोमवारी समिती बसणार होती. तिने मान्यता दिली तर आणखी एक वर्ष, नाहीतर काखेत पिशवी आणि शाळामास्तरकीचे अर्ज.

तिचा प्रश्न साधा होता. माणूस डोळे मिटून निवांत बसला की त्याच्या मेंदूतून अल्फा लहरी निघतात. ईईजी यंत्राच्या कागदावर त्या फणीच्या दात्यांसारख्या एकसारख्या उमटतात. अशा वेळी कुठे घंटी वाजली की फणी क्षणभर मोडते. मेंदू दचकून विचारतो, काय झालं? तीच घंटी आठ-दहा वेळा वाजली की मेंदूला तिचा कंटाळा येतो आणि फणी मोडायची थांबते. पण ज्याने वर्षानुवर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये घंटीच्या ठोक्यांवर गाड्या पुढे सोडल्या, त्याच्या मेंदूला हा कंटाळा येतो का? हे पाहायला लताने मनमाडचे बारा केबिनमन आणले होते आणि नाशिकच्या कचेऱ्यांतले बारा कारकून. प्रत्येकाला वीस मिनिटं टेपवरच्या घंट्या ऐकवल्या होत्या. प्रत्येकाचा घडीघडीचा कागद म्हणजे एक गठ्ठा.

अकरा नंबरचा गठ्ठा मनमाडच्या झुंबर अहिरेचा होता. वय चौतीस. समितीला दाखवायला त्यातला एक तुकडा निवडावा म्हणून लताने तो उघडला आणि सवयीने पट्टी लावली. यंत्रातून कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकतो. झुंबरच्या डोक्यातून तेवढ्यात अकरा लाटा निघत, असं तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. समोरच्या कागदावर त्या साडेआठ होत्या.

तिने तीन ठिकाणी मोजल्या. साडेआठ, साडेआठ, साडेआठ.

माणसाचा आवाज जसा महिन्याभरात बदलत नाही, तशी ही चालही बदलत नाही. गठ्ठ्यावर नाव झुंबरचं होतं, नंबर अकराच होता. डोकं मात्र दुसऱ्याचं होतं.

२

केंद्राचे संचालक डॉ. भडकमकर यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला आणि चष्मा उतरवून लताकडे पाहिलं.

"कुलूप फोडलंय?"

"नाही सर."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक मशीनवरच्या भिकनकडे. तिसरी तुमच्या खणात."

"माझ्या खणाला कुलूप नसतं, हे इथल्या मांजरालाही माहीत आहे." त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "मिस पगारे, तुमच्यावर माझा संशय नाही. बदल करणारी व्यक्ती स्वतःच धावत येऊन सांगत नाही. पण समितीचं काय? एक गठ्ठा बदलला गेला, तर बाकीचे तेवीस कशावरून खरे?"

रात्रभर जागून तयार केलेलं भाषण लताला क्षणात पोकळ वाटलं.

"कुणी बदलला, का बदलला, आणि इतर कशाला हात लागलेला नाही, एवढं सोमवारी दहाच्या आत कळलं तर बसा समितीपुढे," डॉ. भडकमकर म्हणाले. "नाहीतर तुमचा अर्ज मी परत घेतो. हे दुष्टपणाने म्हणत नाही."

ते खरंच दुष्ट नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

३

पहिली भेट झाली सिंधुबाईंची. त्या झाडलोट करत. आठवड्यातून दोनदा सुरगाण्याच्या जीपला लटकून माहेरी जाऊन येत, त्यामुळे त्यांच्याकडे बातम्या नेहमी ताज्या असत.

"बेस्तरवारी काही वेगळं दिसलं का?" लताने विचारलं. गुरुवारी ती स्वतः पुण्याला ग्रंथालयात गेली होती. बुधवारी संध्याकाळी तिनेच कपाट तपासलं होतं आणि तेव्हा अकरा नंबर ठीक होता.

"मशीनच्या खोलीला आतून कडी व्हती, ताई. दाराव लाल दिवा. म्या हाक मारली तं भिकनदादा आतून म्हणं, मशीन दुरुस्त करतो, फरशी उंद्या पुसा."

"मग?"

"मग काय, म्या गेले. पन मोरीतला टावेल वल्ला व्हता. आन् शिकेकाईचा वास. मशीनला शिकेकाई लावत्यात का?"

लताने वहीत दोन शब्द लिहिले. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, म्हणून प्रयोगाला आलेल्या माणसाचं डोकं आधी मोरीत धुवावं लागे. म्हणजे गुरुवारी तिच्या यंत्राखाली कुणीतरी बसलं होतं. आणि त्याच्या डोक्याला तेल होतं.

दुसरी भेट डॉ. शशिकांत उपासनी यांची. ते उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम करत. त्यांचीही मुदत याच महिन्यात संपत होती आणि समितीपुढे त्यांचाही अर्ज होता.

"म्हणजे मी संशयित," ते आनंदाने म्हणाले. "बसा, पगारेबाई. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला एवढं महत्त्व दिलं."

"तुम्ही गुरुवारी कुठे होता?"

"इथेच. चौदा उंदीर साक्षीला आहेत. त्यातले नऊ विसरले असतील." त्यांनी तिच्या हातातला गठ्ठा घेतला आणि पहिली दोन पानं उलटली. "मला माणसाचं डोकं वाचता येत नाही. पण हे काम नवख्याचं नाही, एवढं सांगतो. रेषा पाहा, एकही इलेक्ट्रोड सुटलेला नाही. मी लावले असते तर अर्धे खाली पडले असते."

हे खरं होतं. उपासनींच्या हाताला इलेक्ट्रोडच काय, कपाची बशीसुद्धा टिकत नसे.

एक वाजला आणि सावळीराम पगारे डबे घेऊन आले. लता वडिलांना दादा म्हणे. दादा सहा वर्षांपूर्वी मनमाडहून निवृत्त झाले होते आणि आई गेल्यावर नाशिकरोडच्या दोन खोल्यांत लेकीपाशी राहत. स्वयंपाक तेच करत. रोज सिटी बसने दोन डबे आणत, एक लताचा, दुसरा भिकनचा. भिकन सोनवणे हा यंत्र चालवणारा पोरगेलासा गडी एकटाच राहत होता, म्हणून लता गावाला गेली तरी त्याचा डबा चुकत नसे.

लताने सगळी हकीकत सांगितली. दादांनी भाकरी मोडता मोडता ऐकली.

"उंदीरवाला," ते म्हणाले.

"कशावरून?"

"त्याला तुझी जागा पाहिजे. आणिक कशावरून लागतं?"

"त्याला इलेक्ट्रोड लावता येत नाहीत, दादा."

"मग साहेब."

"साहेबांना मशीन कुठून चालू होतं ते माहीत नाही."

"मग ऱ्हाऊ दे की. एका गठ्ठ्यानं काय व्हतंय? कागदाव घंटी दिसल्याशी मतलब." ते घाईने म्हणाले आणि तिच्यापुढे चटणी सरकवली.

"आज पण कोरडंच? कालही चटणीच होती."

"उन्हाळा लागला. रस्सा लगेच आंबतो."

खालून गारेगारवाला घंटा वाजवत गेला, दोन ठोके आणि मग एक. दादांच्या तर्जनीने डब्याच्या झाकणावर हलकेच दोन आणि एक ठोके दिले. त्यांना ते कळलंही नाही. लतालाही त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. लहानपणापासून ती ते पाहत आली होती.

४

जेवण झाल्यावर लताने अकरा नंबरचा नवा गठ्ठा आणि बारा नंबरचा जुना गठ्ठा शेजारी शेजारी ठेवला.

यंत्राला आठ पेनं. आठही रेषा काळ्या शाईच्या. नव्या गठ्ठ्यात तिसरी रेषा मात्र जांभळट होती. मंगळवारी तिसरं पेन तुंबलं होतं आणि मुंबईहून शाई आली नव्हती, म्हणून भिकनने त्यात शाळेच्या पोरांची शाई भरली होती. झुंबरची नोंद जानेवारीतली होती. म्हणजे हा कागद मंगळवारनंतरचा.

मग तिने पहिलं पान पाहिलं. नोंद सुरू करण्यापूर्वी यंत्र नीट आहे का हे पाहायला चौकोनी मापखुणा उमटवतात. लता तीन उमटवी. भिकन पाच उमटवी. पाचावर त्याचा भारी विश्वास. इथे पाच होत्या.

भिकन मागच्या खोलीत पेनं धूत होता.

"गुरुवारी मशीनखाली कोण होतं?"

त्याने पेन बशीत ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

"मीच केलं, मॅडम."

"ते मला माहीत आहे. पाच मापखुणा आहेत. कोण होतं, ते विचारते."

"अकरा नंबर माझ्या हातनं खराब झाला. म्हणून दुसरा काढला. बाकी कशाला हात नाय लावला, आईची आण."

"डोकं कुणाचं, भिकन?"

"मेमो द्या, काढून टाका," भिकन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. "ते नाव नाय सांगनार."

लताला राग आला. त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. भिकनला नोकरीची गरज होती. गावाकडे दोन बहिणी होत्या. असा माणूस नोकरी पणाला लावतो ती कुणासाठी? आणि नाव न सांगता ती डॉ. भडकमकरांना काय सांगणार होती? अर्धं उत्तर समितीला चालणार नव्हतं.

तिने गठ्ठा उचलला. भिकन बोलत नव्हता, पण ज्याचं डोकं होतं त्याने वीस मिनिटं कागदावर स्वतःच लिहिलं होतं.

५

वीस मिनिटांचा कागद छत्तीस मीटर भरतो. शनिवार अर्ध्या दिवसाचा. माणसं निघून गेली होती आणि वरचा लांबलचक व्हरांडा मोकळा होता. लताने गठ्ठा एका टोकापासून उलगडायला सुरुवात केली आणि कागद वळवत, परत आणत, तीन ओळींत फरशीवर पसरला. मग पदर खोचून ती गुडघ्यांवर त्याच्या कडेने सरकू लागली.

साडेआठ लाटा. वय वाढतं तशी ही चाल जरा मंदावते. हे डोकं झुंबरच्या वयाचं नव्हतं, साठीच्या पलीकडचं होतं. उपासनी तिशीचे. डॉ. भडकमकर पंचावन्नचे, आणि त्यांच्या डोक्यावर तेल लावायला केसच नव्हते.

पहिली घंटी. फणी मोडली. तशी ती कुणाचीही मोडते.

दहावी घंटी. कारकुनांच्या मेंदूंनी इथवर येऊन नाद सोडला होता. इथे फणी मोडली, पहिल्या वेळेइतकीच स्वच्छ.

विसावी. तिसावी. लता आता भराभर सरकत होती. चाळिसाव्या घंटीलाही फणी मोडली होती. इतकं चोख उत्तर तिच्या बारा केबिनमनांपैकी कुणीही दिलं नव्हतं.

हे केबिनमनचं डोकं होतं. पण तिच्या यादीतले सगळे नोकरीतले होते, अठ्ठावन्नच्या आतले. हा साठीच्या पुढचा.

तेव्हा तिला ती बारीक टोकं दिसली. प्रत्येक घंटीनंतर अर्ध्या सेकंदाने आठही रेषांवर एकाच वेळी सुईसारखी टोकं उमटली होती. वायर हलली की अशी येतात. प्रयोगाला बसलेल्याला हात मांडीवर स्थिर ठेवायला सांगतात, तेव्हा ती येत नाहीत. इथे सांगायचं राहून गेलं होतं. तिने टोकं मोजली. दोन ठोक्यांच्या घंटीनंतर दोन. तीन ठोक्यांच्या घंटीनंतर तीन. दोन आणि एकच्या घंटीनंतर दोन, जरा थांबून एक.

घंटी मिळाली की तितकेच ठोके परत द्यायचे, म्हणजे पलीकडच्याला कळतं की निरोप पोचला. जुन्या केबिनमधल्या माणसाचा हा श्वास असतो. हा माणूस खुर्चीच्या हातावर बोटाने प्रत्येक निरोपाची पोच देत होता.

लता कागदाच्या शेवटाशी पोचली. तिथे बाक होता. बाकावर रिकामे डबे घेऊन दादा बसले होते. घरी जायचं सोडून ते दोन तास तिथेच थांबले होते.

ती गुडघ्यांवरच मागे रेलली.

"दादा," ती म्हणाली, "बेस्तरवारी डोकं कुठे धुतलंत?"

६

दादांनी आधी डब्याचं झाकण लावलं. ते लागलेलंच होतं.

"इथं. मोरीत. भिकननं पानी वतलं."

"का?"

"भिकन त्या गठ्ठ्याच्या पानांव नंबर घालत बसला व्हता. म्या म्हटलं, आधी जेव. टेबलाव जागा नव्हती, म्हणून डबा ठिवला गठ्ठ्याव. मटकीचा रस्सा व्हता. झाकन ढिलं." त्यांनी हाताने पसरल्याची खूण केली. "तेल असं पळतं कागदातनं, लता. बघता बघता झुंबर गेला."

"गेला म्हणजे?"

"शाई पसरली. पिवळा-लाल गोळा झाला नुसता. पोरगं रडायला लागलं. म्हणं, मॅडमचं वरीस गेलं, बारा पायजे व्हते, अकराच राहिले. म्या म्हटलं, रडतो कशाला? केबिनवाला पायजे ना? झुंबर मनमाडचा, मी बी मनमाडचा. तो केबिनचा, मी बी केबिनचा. त्यानं चार वरसं साऊथ केबिन केली, म्या अठरा. उलट जरा भारीच माल दिला तुला."

लता त्यांच्याकडे पाहत राहिली. बावीस वर्षांचं तिचं शिक्षण, आणि घरातल्या माणसाला एका डोक्याच्या जागी दुसरं चालत नाही, एवढं ती सांगू शकली नव्हती. जे करायचं ते चोरून, पण मापात कमी नको, असा हा सगळा कारभार.

"आणि उंदीरवाल्यावर नाव घालत होतात."

"ते चुकलंच." दादा खाली बघत म्हणाले. "भिकनला म्याच शपथ घातली व्हती. त्याचं काय बी करू नको. माझं कर."

"तुमचं काय करणार? तुम्ही नोकरीतही नाही."

"तेच तर वाईट हाय," दादा इतक्या गंभीरपणे म्हणाले की लताला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिलेला भिकन गोंधळून दोघांकडे पाहू लागला.

"हसतेस काय? आता सोमवारी काय सांगशील?"

"जे झालं ते."

"सगळं? मटकी बी?"

"मटकीसुद्धा."

"लोक हसतील तुला."

"हसू देत. पण हा कागद झुंबरचा म्हणून दाखवला तर माझं एकही पान खरं राहत नाही."

दादांनी मान हलवली. पटल्यामुळे नव्हे, लेक ऐकणार नाही हे ओळखून.

७

सोमवारी समितीत तिघं होते. डॉ. भडकमकर, मुंबईचे एक घाईतले डॉक्टर आणि बंगळुरूच्या प्रा. कमला अय्यंगार, ज्यांचं नाव लताने आजवर फक्त निबंधांखाली वाचलं होतं.

लताने आधी अकरा नंबरची हकीकत सांगितली. जांभळी शाई, पाच मापखुणा, छत्तीस मीटर कागद, बोटाचे ठोके. तेलाने माखलेला मूळ गठ्ठा दादांनी अंथरुणाखाली दडवला होता, तोही तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. बाकीचे तेवीस तिने रविवारी एकेक करून वहीशी ताडून पाहिले होते. सगळे जुळले. टेबलावर हळदीचा वास पसरला. डॉ. भडकमकरांनी रुमाल तोंडाला लावला. ते हसत होते की शिंकत होते, ते कळलं नाही.

"प्रामाणिकपणाचं कौतुक आहे," मुंबईचे डॉक्टर घड्याळ पाहत म्हणाले. "पण अट बाराची होती. तुमच्याकडे केबिनमन अकरा. माझ्या मते अर्ज पुढच्या वर्षी करावा."

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे लताला माहीत होतं. तिने कागद गोळा करायला घेतले.

"तो काढून टाकलेला कागद जरा ठेवा," प्रा. अय्यंगार म्हणाल्या. त्या मराठी सावकाश, जपून बोलत. "हे गृहस्थ निवृत्त कधी झाले?"

"सहा वर्षं झाली, मॅडम."

"आणि सहा वर्षांत केबिनमधली घंटी?"

"एकदाही नाही ऐकली."

"चाळिसाव्या घंटीला फणी मोडली आहे." त्यांनी पट्टी मागून घेतली आणि स्वतः मोजलं. "नोकरीत असलेल्याचा मेंदू घंटी ऐकतो, यात मला फार नवल वाटलं नव्हतं, डॉ. पगारे. त्याला ती ऐकावीच लागते. पण नोकरी संपल्यावर सहा वर्षांनी? हा प्रश्न तुमच्या अर्जात का नाही?"

"मला तो सुचला नव्हता," लता म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

"मग आता सुचला असं समजा. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि हे तुमचे वडील, म्हणजे तुमच्या यादीत ते चालणारही नाहीत. तुम्हाला निवृत्त केबिनमन बारा लागतील. मिळतील?"

"मनमाडला?" लता म्हणाली. "शंभर मिळतील."

मुंबईच्या डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि सही केली. दुपारी पत्र टाइप झालं. लताला एक वर्ष, उपासनींच्या उंदरांना सहा महिने, भिकनला लेखी ताकीद आणि तोंडी चहा.

दादा फाटकाशी उभे होते. वर यायचा त्यांना धीर झाला नव्हता. लताने पत्र वाचून दाखवलं. त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं आणि तिचं दुसऱ्यांदा वाचून व्हायच्या आत मनमाडची नावं मोजायला सुरुवात केली. वाळू जगताप चालेल, जयराम केदारेला एका कानाने ऐकू येत नाही पण दुसरा अव्वल आहे, गेणूला आणायचं तर त्याच्या बायकोला आधी विचारावं लागेल. बसस्टॉपपर्यंत पंधरा जण झाले.

"आणि माझा कागद?" मग ते सहज विचारल्यासारखं म्हणाले. "त्या बाईंनी हातानं मोजला म्हणालीस. छापनार का नाव माझं?"

"नाव कुणाचंच छापत नाहीत, दादा. नंबर देतात. तुमचा यादीत धरायचा नाही, पण तळटीपेत येईल. पंचवीस नंबर."

दादांनी तो नंबर गाडीच्या नंबरासारखा मनात फिरवून पाहिला. नाशिकरोडची बस आली, थांबली, माणसं चढायला लागली, तरी ते जागचे हलले नाहीत.

"पंचवीस अप," त्यांनी विचारलं, "का पंचवीस डाऊन?"